भावाचा खडा मशीनखाली

हे आत्ताच सांगायचंय. आत्ता म्हंजे आत्ता, ताट झाकून ठेवलंय आन् लिहायला बसलेय. उद्यावर टाकलं तर मी हे गोड करून सांगीन, माझी सवय हाय ती. त्यामुळं टायपिंगच्या चुका तुमीच समजून घ्या, मी मागं वळून वाचणार न्हाय.

तर माझा धाकटा भाऊ. आमचं गाव निरवांगी. घरी काकडी, ढोबळी मिरची आन् थोडं डाळिंब. बारावी झाल्यापासनं भाऊ भरतीच्या मागं हाय. आमच्याकडं भरती म्हणलं की मिलिटरी न्हायतर पोलीस, दोन्हीला एकच शब्द. पहाटं कालव्याच्या कडंनं पळायचं, मग बावड्याला अकॅडमीत जायचं, दुपारी शेतात आबांच्या हाताखाली, सांजच्याला पुन्हा पळायचं. घरात पाण्याचा तांब्या उचलून जागेवर ठेवत न्हाय हा माणूस, पण पळताना बघावा. खांदे ढिले, तोंड मिटलेलं, कुणीतरी पुढनं दोरी बांधून ओढतंय असं वाटतं. आबा, म्हंजे आमचे वडील, तोंडानं कुणाचंच कौतुक करत न्हाईत. पण काळ्या म्हशीचं दूध डेरीला घालायचं न्हाय, ते पोराला ठेवायचं, हे त्यांनीच ठरवलेलं. आमच्या घरात ह्याला कौतुक म्हणत्यात.

आन् ह्या पोराला मुतखडा.

पहिल्यांदा मिरचीच्या सरीत लोळायला लागला तवा आमाला वाटलं काय चावलं की काय. दुसऱ्यांदा अकॅडमीत. तिसऱ्यांदा गेल्या हिवाळ्यात, आन् तवा मात्र बारामतीला नेऊन दुर्बिणीनं काढावा लागला. डॉक्टर म्हणले पाणी कमी पितो, क्षाराचं पाणी असंल. गाव तर आधीपासनंच म्हणत होतं, पाणी. आमच्या वस्तीवर बोअरच्या पाण्यानं पातेल्याला पांढरी खपली धरती, आंघोळीला साबणाचा फेस होत न्हाय. दर दुसऱ्या घरात कुणाला ना कुणाला खडा झालेलाच. मग दुसरं कारण शोधायचंच कशाला?

आमच्याकडं आजारी माणूस घरी आला की माणसं बघायला येत्यात. बिस्किटाचा पुडा, नारळ, मग चहा. आन् खड्याचं आपरेशन असंल तर खडा दाखवायचा असतो, ही रीतच हाय. डॉक्टर लहान डबीत घालून देतो, ती डबी हातोहात फिरती. भावाच्या डबीत ज्वारीच्या दाण्याएवढा एक तुकडा आन् बाकी चुरा होता.

"अगं बया! एवढंसं, आन् एवढं लोळीवलं लेकराला?"

शेजारचे तात्या तर स्वतःचा जुना खडा घेऊन आले, जोडीला ठेवून बघायला. "हा काय खडा हाय? हा तर रवा हाय रवा. माझा बघ." मग भावाकडं वळून म्हणले, "बीयर पी. दोन दिसात सगळं धुवून जातंय."

आई आतनं म्हणली, "तात्या, भरतीवाला हाय तो."

"मग? मिलिटरीत काय समदे ताक पेत्यात व्हय?"

भाऊ हसला आन् पोट धरून बसला. हसलं की दुखायचं.

सगळे गेल्यावर आईनं डबीत जेजुरीच्या भंडाऱ्याची चिमूट टाकली आन् डबी देवापुढं ठेवली. "आता न्हाय यायचा," म्हणली. पानफुटीची पानं, कुळथाचं कढण, सगळं चालूच होतं, त्यात देवाची भर.

आता मी. मी केमिस्ट्रीत एमएस्सी केलं आन् बारामती एमआयडीसीत एका टेस्टिंग लॅबला लागले. हितंच रूम घेऊन राहते, सुट्टीला गावी. आमच्याकडं बाहेरच्या कंपन्यांचे नमुने येत्यात. पॅकिंगच्या पिशवीत किती थर हायत, पावडरीत सापडलेला काळा ठिपका रबराचा का जळक्याचा, असलं. आन् त्यासाठी आमच्याकडं एक मशीन हाय, त्याच्यासाठी मी सकाळी सगळ्यांच्या आधी लॅबमधी जाते, एवढं सांगितलं तरी तुमाला कळंल. बघायला नुसता मायक्रोस्कोप. पण नमुन्याच्या एकाच ठिपक्याला ते दोन तऱ्हेनं विचारतं. आधी इन्फ्रारेड सोडतं, जे डोळ्याला दिसत न्हाय पण अंगाला ऊब लागती ते. नमुन्यातले रेणू म्हंजे स्प्रिंगा लावलेले मणी समजा, प्रत्येक स्प्रिंग आपल्याला झेपंल तेवढंच इन्फ्रारेड गिळती आन् हलती. काय गिळलं ह्याच्यावरनं कळतं कोण हाय. मग त्याच ठिपक्यावर हिरवा लेसर. तो आपटून परत येताना थोडा रंग बदलून येतो, त्याला रामन म्हणत्यात. रंग किती बदलला ह्याच्यावरनं पुन्हा कळतं कोण हाय.

एकच काम दोनदा कशाला? मी बी मॅडमना पहिल्याच आठवड्यात हे विचारलेलं. मॅडम म्हंजे आमच्या सीनियर, मशीन त्यांच्या ताब्यात. त्या म्हणल्या, "कलिंगड घेताना काय करतेस?"

"देठ बघते."

"आणि?"

"टिचकी मारते."

"झालं तर. देठाला जे कळत नाही ते टिचकीला कळतं. काही स्प्रिंगा इन्फ्रारेडला दिसतच नाहीत, त्या रामनमध्ये ओरडतात. काहींचं उलटं."

मला हे एवढं आवडलं की मी त्या सुट्टीला घरी सगळ्यांना सांगितलं. आबा म्हणले, "कलिंगडासाठी एवढं मोठं मशीन?"

तर भावाचा खडा बघावा हे माझ्याच डोक्यात आलं. मॅडमना विचारलं, त्या म्हणल्या नमुने नसतील तवा बघ, हात बसंल. घरी सांगितलं तर आई म्हणली कशाला, पाण्याचा हाय हे ठाऊकच हाय की. पण भाऊ म्हणला, "बघू दे आय. पाण्याचा निघाला की आपण पाणी बदलू, विषय संपला. मेडिकलला सोनोग्राफीत खडा दिसला की घरी धाडत्यात, आमच्या अकॅडमीतल्या एकाला धाडलं. ताय, तू बघच."

हे नीट लक्षात घ्या. त्याला खड्याची भीती नव्हती, कळा त्यानं सोसल्या होत्या. त्याला फक्त एवढंच कळायला हवं होतं की ह्याला शेवट हाय.

देवापुढची डबी आईनं नमस्कार करून माझ्या हातात दिली.

पहिल्या दिवशी मी तो ज्वारीचा दाणा मशीनखाली ठेवला आन् लेसर सोडला. पडद्यावर डोंगर! रेघा असायला पायजेत तितं नुसता फुगलेला डोंगर. मला वाटलं मशीन बिघडवलं. मॅडमना हाक मारली. त्यांनी वाकून बघितलं.

"हळद लावलीय का याला?"

"भंडारा हाय, मॅडम. जेजुरीचा."

मॅडमनी चष्मा काढला आन् एवढ्या हसल्या की पलीकडच्या खोलीतली पोरं डोकावली. हळद लेसरखाली स्वतःच चमकती, तिच्या उजेडात बाकीचं काही दिसत न्हाय. "देवाला सांग, थोडा वेळ बाजूला बस," म्हणल्या. "आज नुसतं इन्फ्रारेड घे."

घेतलं. बाहेरचा पापुद्रा खरवडून त्याची रेघ काढली. स्वच्छ आली, पुस्तकात दाखवावी अशी. कॅल्शियम ऑक्झलेट. जगातला सगळ्यात साधा खडा, कमी पाणी पिणाऱ्यांना होतो तो. मी जिन्यातच उभी राहून फोन लावला.

"अरं, साधा हाय! पाण्याचाच!"

पलीकडनं एकदम आरोळी, मग आईचा आवाज, "काय झालं, काय झालं?" मग त्यानं आईला उचलली असावी, कारण ती "अरं सोड, टाके टाके" म्हणून ओरडत होती. दुर्बिणीच्या आपरेशनला टाके नसत्यात, पण आईला कोण सांगणार.

दुसऱ्या दिवसापासनं घरात प्यायला गावातल्या फिल्टरचे जार. आबांनी बोअरच्या पाण्याचा माठ गोठ्यात हलवला. कुळथाचं कढण बी जारच्या पाण्यात. तात्या येऊन म्हणले, "म्हशीला बी पाजा की जारचं, तिला नको व्हय भरती?" आन् आबा, जे कधी हसत न्हाईत, ते हसले. मी सुट्टीला गेले तवा भाऊ कालव्यावरनं पळून आलेला, घामानं निथळत होता, जार उचलून तोंडाला लावत होता. घरात सण असल्यासारखं होतं. असं आमच्या घरात मी फार कमी बघितलंय.

सोमवारी मॅडम म्हणल्या, "बाहेरचा पापुद्रा बघितलास. आतलं?"

"आतलं बी तेच असंल की."

"डाळिंबवाल्यांची मुलगी आणि साल बघून सौदा करते?"

मला राग आला खरं सांगते. पण राग आला तरी मी ते केलं, कारण मला रामन बी बघायचा होता आन् हात बसवायचा होता. दाणा पारदर्शक राळेत बसवला, ती सुकू दिली, मधोमध कापला आन् घासून गुळगुळीत केला. हळद बाहेरच राहिली. कापलेला भाग मायक्रोस्कोपखाली ठेवला तर कांद्यासारखे थर. एवढं सुंदर दिसत होतं. भावाच्या पोटात कळा उठत होत्या तवा हे असं थरावर थर चढत होतं.

बाहेरच्या थरावर ठिपका धरला. इन्फ्रारेड म्हणालं ऑक्झलेट, रामन म्हणालं ऑक्झलेट. मग आत सरकले. पुन्हा दोघांचं एकमत. मग अगदी गाभ्यात, तिथं पिवळसर मेणासारखा एक डाग होता. तितं इन्फ्रारेडची रेघ गिचमीड झाली, ऑक्झलेट बी दिसतंय, त्याच्याखाली आजून काय काय दबलंय. आन् रामनमधी डाव्या हाताला एक रेघ सरळ वर. बारीक, उंच, टोकदार. मी ठिपका हलवला. पुन्हा तीच. आजून हलवला. तीच. मला ती ओळखू आली न्हाय, मला फक्त भारी वाटलं, काहीतरी नवीन सापडलं म्हणून. मी "मॅडम, या, या, लवकर या!" म्हणून हाक मारली.

मॅडम माझ्या मागं उभ्या राहिल्या आन् पडद्याकडं वाकल्या.

"गंधक गंधकाला धरून बसलंय," म्हणल्या. "सिस्टीन आहे बहुतेक."

दोन गंधकांमधली स्प्रिंग दोन्हीकडनं सारखी, इन्फ्रारेडच्या हाताला लागत न्हाय. रामनमधी ओरडती. आमी मशीनच्या लायब्ररीत साठवलेली सिस्टीनची रेघ शेजारी लावली. दोन्ही एकमेकींवर बसल्या.

मग मी वाचलं. लॅबमधीच बसून, डबा न खाता. सिस्टीन म्हंजे प्रोटीनचा एक बारका तुकडा, सगळ्यांच्या रक्तात असतो, मूत्रपिंड ते परत आत घेतं. काहींचं मूत्रपिंड जन्मापासनंच ते घेऊ शकत न्हाय. मग ते लघवीत उतरतं, विरघळत न्हाय, खडा होतो, काढला की पुन्हा होतो. बोअरच्या पाण्याशी त्याचा संबंध न्हाय. बाहेरचं ऑक्झलेट नंतर येऊन चढलेलं, पाहुण्यासारखं. आन् हे आईकडनं आन् वडलांकडनं, दोघांकडनं आलं तरच होतं.

मॅडम म्हणल्या, "आपण डॉक्टर नाही. डॉक्टरांना दाखव. चूकही असेल."

चूक नव्हती. डॉक्टरांनी लघवी तपासायला लावली, तीत बी सिस्टीन निघालं. डॉक्टर चांगले होते, वेळ देऊन बोलले. पाणी भरपूर प्यायचं, झोपेतनं उठून प्यायचं, मीठ कमी, गोळ्या. एवढं करून बी खडे येऊ शकत्यात. बरं होणारा आजार न्हाय, सांभाळायचा आजार हाय.

भावानं एकच विचारलं, "भरतीचं?"

"तिथं सही करायला मी नसणार," डॉक्टर म्हणले. "पण खडे येत राहतील, हे धरून चाल."

घरी मी सांगितलं. भावानं मला सांगायला लावलं, तो उंबऱ्यात बसून बूट पुसत होता. आई मेथी निवडत होती. मी स्प्रिंगा आन् रेघा सगळं गाळलं आन् साध्या शब्दांत सांगितलं.

आबा म्हणले, "म्हंजे पाण्यानं न्हाय?"

"न्हाय, आबा."

"मग हे जार?"

"पाणी जास्त प्यायचंय. कुठलंबी चालंल."

"कुठलंबी?" आबा म्हणले. आन् गोठ्याकडं बघत बसले.

आईनं जुडी खाली ठेवली. "दोघांकडनं म्हंजे?"

आता हे सांगायला पायजे. आई म्हंजे आबांच्या मामाची पोरगी. आमच्याकडं हेच चांगलं मानत्यात. मामाच्या पोरीवर हक्कच असतो म्हणत्यात. आई सगळ्यांना मिरवून सांगायची, "मी काय परक्यात आले न्हाय, आत्याच्या घरात आले. मला सासुरवास ठाऊक न्हाय." आता तिला मी समजावून सांगितलं की एकाच घरातलं रक्त दोन्हीकडनं आलं की असलं दबलेलं वर यायची शक्यता वाढती. हे सांगताना माझा आवाज लॅबमधी असतो तसा झाला, मलाच ऐकू येत होता.

"म्हंजे लग्नातच चुकलं म्हण की," आई म्हणली.

"तसं काय न्हाय," आबा म्हणले. "आपल्याकडं समदीच करत्यात."

"समद्यांच्या पोरांना न्हाय झालं."

मग आईनं माझ्याकडं बघितलं. "आन् तुला?"

"मला न्हाय."

निरोगी असल्याची मला जन्मात पहिल्यांदा लाज वाटली. भावानं बूट घातले आन् पळायला गेला. नेहमीपेक्षा लवकर परत आला.

त्यानंतर बोअरचा माठ गोठ्यातनं पुन्हा घरात आला. आई आता आत्याच्या घराचं कुणाला सांगत न्हाय. मामा येऊन गेले, तर चहा देऊन ती शेतात निघून गेली. मामांना कळलं न्हाय काय झालं, त्यांनी मलाच विचारलं. मी म्हणले, मिरची तोडायची होती. भाऊ थोडे दिवस पळाला. मग पुन्हा कळ आली, आन् त्या आठवड्यात तो अकॅडमीत गेला न्हाय, पुढच्या बी न्हाय. बूट कुठं ठेवले मी विचारलं न्हाय.

आता तो हितंच हाय, एमआयडीसीत, एका कंपनीत पॅकिंगला. मोटरसायकलवर ये-जा करतो. लाइनवर उभं राहायचं काम. आन् डॉक्टरांनी सांगितलंय सारखं पाणी पी, सारखं पाणी प्यायलं की सारखं लघवीला जावं लागतं, आन् लाइन सोडली की सुपरवायझर म्हणतो, "किती वेळा जातो रं? नळ हायस का?" सगळी हसत्यात. मग हा पाणीच पीत न्हाय. मी मशीनवर बसून गंधकाची स्प्रिंग बघू शकते, पण त्या माणसाला माझ्या भावाला लघवीला सोड एवढं सांगायला मी कुठं जाऊ?

आज दुपारी तो मला गेटाबाहेरच्या चहाच्या टपरीवर भेटला. त्याच्या गाडीला बाटली अडकवलेली, गळ्यापर्यंत भरलेली.

"सकाळपासनं हातच लावला न्हाईस व्हय?"

"पितो की."

"कधी पितो? कळ आली की?"

"झालं का तुझं सुरू."

"डॉक्टरनी काय सांगितलंय? नाष्टा चुकला तर चालंल, पाणी—"

"ताय," तो म्हणला. चिडून न्हाय, चिडला असता तर बरं झालं असतं. "तू ते मशीनखाली नसतं ठेवलं तर?"

"तर काय? खडा आलाच असता."

"आला असता."

"मग?"

"मी पळत असतो की तवर."

चहा संपवून त्यानं ग्लास टपरीवाल्याच्या बादलीत टाकला, गाडीला किक मारली आन् शिफ्टला गेला. मी तितंच उभी राहिले. मग लॅबमधी येऊन एका पिशवीचे थर मोजले, रेघा चांगल्या आल्या, मॅडमनी शाबास म्हणलं. खरं कळलेलं बरं असतं, असं मी एमएस्सीची सगळी वर्षं मानत आले. त्याला ह्या खऱ्याचं काय करायचंय? गोळ्यांनी बरं व्हायचं न्हाय, कायमचा इलाज न्हाय, भरती न्हाय. खोट्या जारच्या पाण्यावर तो निदान आजून वर्षभर कालव्यावर पळाला असता, आन् आई आत्याच्या घराचं मिरवत राहिली असती.

तुमच्या घरात असं झालंय का? कुणाला तरी खरं कारण शोधून दिलंत, अगदी जीव लावून शोधून दिलंत, आन् त्याच्या हातात होतं तेवढं बी गेलं, असं? झालं असंल तर सांगा, त्या माणसाशी नंतर काय बोललात. उद्या दुपारी तो पुन्हा टपरीवर येणार हाय.